कोकणातल्या विजेचे छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात परतीच्या पावसाच्या ढगांची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यापासून रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. काही प्रश्न अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारले आहेत, म्हणून तशी पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे. हा छंद मी बरीच वर्षे रत्नागिरीच्या परिसरात जोपासला असल्यामुळे दाखले मुख्यतः त्या किनाऱ्याचे आहेत.

प्रश्न : मी मुंबईत नोकरी करतो आणि दरवर्षी गणपतीत गुहागरजवळच्या गावी येतो. पाऊस भरपूर असतो, कॅमेराही तयार असतो, पण वीज म्हणावी तशी मिळत नाही. माझे काय चुकते?

तुमचे काही चुकत नाही, दिवस चुकतात. ढगाच्या गोठणबिंदूखालील थंड भागात बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारांचे कण एकमेकांवर आदळले की विद्युतभार वेगळे होतात, आणि त्यासाठी ढग खूप उंच वाढावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्रावरून येणारे मोसमी ढग कोकणात धो धो पाऊस पाडतात, परंतु त्यांतले बरेचसे तेवढी उंची गाठत नाहीत, त्यामुळे मुसळधार पावसातही आकाश बहुधा मुके राहते. गणपती याच काळाच्या शेवटी येतात.

आपल्याकडे विजेचे हंगाम दोन आहेत. पहिला मे महिन्यापासून मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंतचा, म्हणजे साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा, आणि दुसरा सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरभर चालणारा. छायाचित्रासाठी मी दुसऱ्याला झुकते माप देतो, कारण पावसाने धुतलेली हवा स्वच्छ असते आणि ढगांचा प्रवास बराचसा ठरलेला असतो. सकाळभर जमीन तापते, दुपारी खारा वारा आत शिरून सह्याद्रीला अडतो आणि वर चढतो, आणि तीन-चारच्या सुमारास घाटमाथ्यावर ढगांचे मनोरे उभे राहतात. मनोऱ्याचा माथा सपाट होऊन ऐरणीसारखा पसरू लागला आणि त्याचा पांढरा पदर तुमच्या डोक्याच्या दिशेने येऊ लागला, तर वरचे वारे पूर्वेकडून वाहत आहेत आणि संध्याकाळी ढग किनाऱ्याकडे उतरणार, असे धरून चालावे. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्यानेही सुरुवातीला समुद्राकडे पाठ करून पूर्वेकडेच कॅमेरा लावावा. रात्री तोच पाऊस समुद्रावर निघून गेला की मग पश्चिमेकडे वळावे. कित्येकदा ही दुसरी फेरीच अधिक देखणी असते, कारण तेव्हा आपल्या डोक्यावरचे आकाश मोकळे झालेले असते आणि निवळलेल्या हवेत विजेची रेघ न् रेघ दिसते.

तेव्हा शक्य असेल तर गणपतीच्या रजेतले दोन दिवस राखून ठेवून दसरा-दिवाळीच्या दरम्यान गावी यावे.

प्रश्न : माझ्या छायाचित्रांत वीज एक तर पांढरीफटक येते किंवा अगदी बारीक आणि निस्तेज. शटर किती सेकंद उघडे ठेवावे? (रत्नागिरीतील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

विजेचा तेजस्वीपणा शटरच्या वेळेवर अवलंबून नसतो, ही एक गोष्ट पक्की समजली की पुढचे पुष्कळसे कोडे सुटते. विजेचा एकेक लोळ सेकंदाच्या अगदी अल्पांशात संपतो. शटर पाच सेकंद उघडे असो वा वीस, त्या रेषेचा प्रकाश तेवढाच नोंदला जातो. रेषा किती उजळ यावी हे अपर्चर (लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ठरवतात. शटरची वेळ फक्त आजूबाजूचा उजेड ठरवते, म्हणजे गावातले दिवे, बंदरातले दिवे, ढगावर पडलेला उजेड. तुमची वीज पांढरीफटक येत असेल तर शटर कमी करून उपयोग होणार नाही, अपर्चर लहान करावे लागेल.

आकडे सुरुवातीपुरते देतो. एफ म्हणजे अपर्चरचे माप, त्याचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. वीज पंधरा-वीस किलोमीटरवर असेल तर आयएसओ २०० आणि एफ ५.६, त्याहून दूर असेल तर एफ ४ किंवा आयएसओ ४००, आणि दहा-बारा किलोमीटरवर आली असेल तर आयएसओ १०० आणि एफ ८. पूर्ण काळोखात शटर दहा ते वीस सेकंद उघडे ठेवता येते. तिन्हीसांजेला मात्र एफ ११ वर एक-दोन सेकंदांपासून सुरुवात करून अंधार वाढेल तशी वेळ वाढवत जावी. चौकटीत एखादा जोरदार लोळ पडला की उरलेले सेकंद मोजत बसू नये, तेथेच शटर मिटावे, नाही तर पुढच्या चमकांनी ढग इतका उजळतो की आधीची रेषा त्यात बुडून जाते. यासाठी कॅमेरा बल्ब पद्धतीवर, म्हणजे बटण दाबून धरू तितका वेळ शटर उघडे राहते त्या पद्धतीवर, ठेवून केबलच्या बटणाने चालवणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

फोकसकडे फार थोडे जण लक्ष देतात. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. दूरचा एखादा दिवा, शक्य तर दीपगृहाचा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहावा, तो ठिपका सर्वांत लहान दिसेल तेथे फोकस हाताने पक्का करावा आणि रिंगवर चिकटपट्टी लावावी. ट्रायपॉडवर असताना लेन्समधले कंप रोखणारे बटण बंद असावे. शटर बराच वेळ उघडे राहिल्यावर चित्रातले दाणे कमी करणारी सोय (नॉइज रिडक्शन) हीही बंद असावी, कारण ती चालू असेल तर वीस सेकंदांच्या प्रत्येक छायाचित्रानंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून राहतो आणि नेमका तेव्हाच लोळ पडून जातो. छायाचित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने संस्करण न केलेल्या मूळ रूपात, घ्यावीत.

अग्रभागाविषयी एक सूचना. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे जूनमध्ये मिरकरवाडा किंवा हर्णैसारख्या बंदरात होड्या दाटीने नांगरलेल्या सापडतात, तर ऑक्टोबरमध्ये त्यांचे दिवे क्षितिजावर ओळीने दिसतात. हे दिवे लाटांवर हलतात आणि वीस सेकंदांत त्यांच्या नागमोडी रेषा उमटतात. त्या नको असतील तर शटर चार-पाच सेकंदांवर आणावे.

प्रश्न : मालवणच्या किनाऱ्यावरून रात्री समुद्रावर वीज लखलखताना दिसते, पण आवाज अजिबात येत नाही. ही वीज वेगळ्या प्रकारची असते का?

नाही, ती नेहमीचीच वीज असते. गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही, कारण वर जावे तशी हवा थंड होत जाते आणि आवाज वरच्या बाजूला वळून आपल्या डोक्यावरून निघून जातो. ढग मात्र दहा-पंधरा किलोमीटर उंच असल्यामुळे रात्री शंभर किलोमीटरवरूनही त्याचा लखलखाट दिसू शकतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने अशी दूरची, मुकी वीजच सर्वांत मोलाची आहे, कारण ढग पायथ्यापासून माथ्यापर्यंत चौकटीत मावतो, लेन्सवर पाऊस पडत नाही आणि जिवाला धोका नसतो.

प्रश्न : राजापूरकडच्या सड्यावरून (कातळाच्या उघड्या पठारावरून) चारी बाजूंचे आकाश दिसते. तेथे ट्रायपॉड लावून उभे राहावे का? आणि घरी असताना पडवीतून छायाचित्रे घेतली तर चालेल का?

ढगाचा गडगडाट ऐकू येत असताना सड्यावर उभे राहू नये. उघड्या कातळावर माणूस आणि त्याचा ट्रायपॉड हीच सर्वांत उंच वस्तू असते. खाली वाकून बसल्याने संरक्षण मिळते हा समज खोटा आहे, आणि कडेच्या आंब्याखाली जाणे तर अधिकच वाईट, कारण झाडावर पडलेली वीज बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे उडी घेते. आपल्या देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्यांत शेतात, माळावर आणि झाडाखाली सापडलेले लोक फार असतात. एका छायाचित्रासाठी त्या यादीत जाण्याचे कोणालाही कारण नाही.

चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर होते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरवर आहे, म्हणजे सामान आवरून आत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचे नाही. मात्र किनाऱ्यावर लाटांच्या आवाजात आणि वाऱ्यात गडगडाट बुडून जातो, त्यामुळे नुसत्या कानांवर भरवसा ठेवू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले दामिनी हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, ते मोबाइलवर असावेच.

पडवी एका बाजूने उघडी असते, म्हणून वीज जवळ आल्यावर ती सुरक्षित नाही. पक्क्या घराच्या आतल्या खोलीत बसून बंद काचेतून छायाचित्रे घ्यावीत, खिडकीच्या गजांना, नळाला आणि चार्जरला लावलेल्या मोबाइलला हात लावू नये. धातूच्या टपाची मोटार काचा वर करून उभी केली तर तीही चांगली जागा आहे. तेथे रक्षण होते ते धातूच्या कवचामुळे, रबरी टायरमुळे नव्हे, म्हणूनच रिक्षा आणि दुचाकी या कामी येत नाहीत.

वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात वीज साठून राहत नाही. त्याला ताबडतोब हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छाती दाबून कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : देवगडला पावसाळ्यात लेन्सना बुरशी लागते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवावा असे सांगतात, ते खरे आहे का?

तांदूळ ओलावा फार थोडा शोषतो आणि त्याची बारीक पूड मात्र रिंगांमध्ये शिरते, म्हणून तो उपाय करू नये. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरेसे आहे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येते. चामड्याची पेटी सर्वांत वाईट, ती ओल धरून ठेवते.

महिन्यातून एकदा लेन्स काढून मागच्या बाजूने टॉर्च तिरपा धरावा आणि पुढून आत पाहावे. धुळीचे ठिपके सुटे दिसतात. बुरशी मात्र कडेपासून आत सरकणाऱ्या, फाटे फुटलेल्या केसाएवढ्या बारीक धाग्यांच्या रूपाने दिसते. तशी दिसली तर ती लेन्स इतरांपासून वेगळी ठेवून लवकर साफ करून घ्यावी, कारण उशीर झाल्यास काचेवरचा लेप कायमचा खरवडला जातो. किनाऱ्यावरून परतल्यावर आधी फुंकणीने वाळू उडवावी, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेऱ्याचे अंग पुसावे. मिठाचा थर कोरडा घासला तर ओरखडे पडतात.

प्रश्न : कॅमेरा नाही, मोबाइलवर वीज टिपता येईल का? (दापोलीतील शिक्षक)

येईल. मोबाइल भक्कम टेकवून, दूरच्या दिव्यावर फोकस आणि उजेड पक्का करून व्हिडिओ घ्यावा आणि नंतर त्यातील हवी ती फ्रेम वेगळी काढावी. काही फ्रेममध्ये अर्धेच आकाश उजळलेले आणि मध्ये आडवी सरळ कड दिसेल. मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून तसे होते. मोबाइल बिघडलेला नसतो.

प्रश्न : संगणकावर अनेक विजा एकाच चित्रात जोडलेली छायाचित्रे स्पर्धांना येतात. आपले मत काय?

पूर्वीचे चित्रकार वीज टोकदार कोनांची, करवतीच्या दात्यांसारखी रंगवीत असत. १८८२ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज यांनी घेतलेल्या छायाचित्रांत ती वाकड्यातिकड्या, फाटे फुटलेल्या रेषेसारखी दिसली. १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बेसिल शॉनलँड यांनी फिरत्या लेन्सच्या कॅमेऱ्याने दाखवून दिले की ढगातून निघालेली वीज टप्प्याटप्प्याने खाली उतरते आणि जमिनीशी जोड झाल्यावर तेजस्वी लोळ खालून वर जातो. विजेविषयीचे हे ज्ञान खऱ्या छायाचित्रांतून आले आहे, म्हणून मला एका चौकटीतली एक वीज अधिक प्रिय आहे. तासाभरातल्या विजा एकत्र केलेले चित्र वादळाचा प्रवास दाखवते, त्यालाही माझा विरोध नाही, परंतु चित्राखाली ठिकाण, तारीख, एकूण किती छायाचित्रे जोडली आणि ती किती वेळात घेतली हे लिहिलेले असावे. स्पर्धेच्या आयोजकांनी मूळ रॉ फाइल मागवून घेण्याचा नियम करावा.