टायर बदलले तरी घूं घूं जाईना

प्रश्न : काका नमस्कार. माझी हॅचबॅक आहे, ७२ हजार किमी झालीये. पावसाळा संपल्यापासून ६० च्या पुढे गेलं की खालून घूं घूं आवाज येतो, स्पीड वाढला की तोही वाढतो. जवळच्या गॅरेजवाल्यांनी नुसतं ऐकून सांगितलं टायर गेलेत, म्हणून पुढचे दोन्ही नवीन टाकले, साडेनऊ हजार गेले, आवाज तसाच. आता म्हणतात गिअरबॉक्स उघडावा लागेल. रविवारी आईला घेऊन मुंबईला जायचंय, जाऊ का? (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : ताई, गिअरबॉक्स आत्ता उघडू देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला व्हील बेअरिंगचा (चाक ज्यावर फिरतं त्या भागाचा) संशय जास्त येतोय, पण मी पत्र वाचून सांगितलं आणि तुम्ही बेअरिंग बदलून टाकलं तर तेही नुसतं ऐकून टायर बदलण्यासारखंच होईल, म्हणून आधी तपासू. आवाज कसा आहे हे प्रत्येकजण वेगळं सांगतो, कोणाला घूं वाटतं कोणाला गुर्र, त्यामुळे तो कधी वाढतो आणि कधी कमी होतो हे बघायचं.

सकाळी लवकर गिरणारेच्या बाजूला रस्ता मोकळा असतो, तिकडे जा, सोबत कोणाला तरी मागच्या सीटवर बसवा म्हणजे आवाज पुढून येतो का मागून ते कळेल. सपाट रस्त्यावर ६० ला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून क्लच दाबा, इंजिनचे आरपीएम खाली येतील. आवाज तरीही तसाच राहिला तर तो इंजिनचा नाही, चाकांबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी आहे. (चालत्या गाडीत चावी मात्र कधीच बंद करायची नाही, स्टेअरिंग जड होतं, लॉकही होऊ शकतं, आणि ब्रेकचा बूस्टर, म्हणजे ब्रेक हलका करणारी मदत, जाते.) मग मोठ्या वळणावर लक्ष द्या. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा घूं घूं वाढलं आणि उजव्या वळणावर कमी झालं तर बहुतेक उजव्या बाजूचं बेअरिंग, उलट झालं तर डावीकडचं. गिअरबॉक्सचा आवाज वळणावर असा बदलत नाही.

आणि एक गोष्ट मला खटकली. टायर पुढचे बदलले, पण मागचे कोणी बघितले का? मागच्या टायरवरून हात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर तोही हुबेहूब असाच आवाज करतो. टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून एक चक्कर मारा, आवाज टायरबरोबर जागा बदलतो का बघा. फुकटातली तपासणी आहे ही, साडेनऊ हजार घालवायच्या आधी व्हायला हवी होती.

शेवटी गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घ्यायला लावा, बाकीच्या चाकांना ओट (अडण) लावून. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवलं की खेळ, म्हणजे ढिलेपणा, असेल तर जाणवतो, आणि एक हात चाकामागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवलं की खराब बेअरिंगची खरखर थेट बोटांना कळते. पावसाळ्यात सील फाटून पाणी आत गेलं की ग्रीस धुतलं जातं आणि खड्ड्यातले दणके त्यात भर घालतात, म्हणून पाऊस संपल्यावर अशा तक्रारी येतात. बेअरिंग निघालंच तर एवढं बघा की ते प्रेसवर (दाब देणाऱ्या मशीनवर) बसवतायत, हातोडीने ठोकत नाहीत, ठोकलेलं नवीन बेअरिंग लवकर परत आवाज करायला लागतं. जुना पार्ट मागून घ्या.

रविवारचं म्हणाल तर हे तपासल्याशिवाय नका जाऊ. कसारा घाटात उतार, वळणं, ट्रकची गर्दी आणि सतत ब्रेक, त्यात बेअरिंग ढिलं असेल तर चाकच डगमगायला लागतं. आईला घेऊन ट्रेनने जा.

प्रश्न : गल्लीतल्या खड्ड्यात पुढून खटखट वाजतं, हायवेला काहीच नाही. (वाचक, नाशिक रोड)

उत्तर : आधी लिंक रॉड बघा, म्हणजे चाकाकडचा भाग अँटीरोल बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला) जोडणारी छोटी दांडी. तुमच्या घराजवळ रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा स्पीडब्रेकर असेल तर त्यावरून दोन्ही चाकं एकदम न्या, मग फक्त एक चाक खड्ड्यात घाला. पहिल्या वेळी कमी आणि दुसऱ्या वेळी जास्त वाजलं तर बहुतेक लिंक रॉडच, कारण एकच चाक वर-खाली झालं की अँटीरोल बार पिळला जातो आणि सगळा झटका लिंकवर येतो. दोन्ही वेळा सारखंच वाजलं तर मेकॅनिकला सस्पेन्शनचे बाकीचे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि स्ट्रट माउंट बघायला सांगा. बॉल जॉइंटमध्ये खेळ निघाला तर मात्र त्याच दिवशी बदला.

प्रश्न : ब्रेक दाबला की चीं आवाज येतो. (वाचक, सातपूर)

उत्तर : रात्रभर पावसात उभी होती आणि सकाळी दोन-चार ब्रेकमध्ये थांबला तर डिस्कवरचा (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीवरचा) गंज आहे, सोडून द्या. रोज येत असेल तर पॅड (डिस्कला दाबून धरणारे ब्रेकचे गुटके) संपत आलेले असू शकतात, या आठवड्यात बघून घ्या. चीं चं खर्र झालं तर पॅडचा पत्रा डिस्कला घासतोय, तेव्हा गाडी तिथेच उभी करा आणि मेकॅनिकला बोलवा.