बॉसचा फोन आणि शुक्रवारची बिलं

प्रश्न : आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत फिरतंय की ऑफिस सुटल्यावर बॉसचा फोन नाही उचलला तरी चालेल असा कायदा झालाय, खरंय का हो? – एक वैतागलेली वाचक, ठाणे

उत्तर : नाही हो ताई, उचला फोन! सुप्रिया सुळेंनी 'राइट टू डिस्कनेक्ट'चं बिल डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, पण मांडणं वेगळं आणि पास होणं वेगळं. हे खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं आणलेलं. त्याला वेळ मिळतो शुक्रवारी दुपारी, जेमतेम अडीच तास, तेव्हा निम्मे खासदार गावी निघालेले असतात (आपल्या सोसायटीच्या मीटिंगसारखंच). आजवर अशी १४च बिलं कायदा झालीत, शेवटचं १९७० मध्ये!

पण म्हणून ही बिलं फुकट जातात असं म्हणू नका. द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचं ट्रान्सजेंडर हक्कांचं असंच खासगी बिल २०१५ मध्ये राज्यसभेत पास झालं, लोकसभेत अडकलं, पण मग सरकारला स्वतःचं बिल आणावं लागलं आणि २०१९ ला कायदा झाला. फक्त शिवांच्या बिलातलं आरक्षण त्यात गायब, ते मला अजून खटकतं.