वाचकांचे प्रश्न : विजेवरच्या पिकअपचे पुढचे चाक धरते तेव्हा

प्रश्न : माझ्याकडे विजेवर चालणारी पिकअप गाडी आहे. अलीकडे सरळ रस्त्यावरही ती किंचित डावीकडे ओढते. लांबच्या फेरीनंतर पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तरी धग लागते आणि करपल्यासारखा वास येतो; उजवे चाक मात्र जेमतेम कोमट असते. एका चार्जिंगमध्ये गाडी पूर्वीपेक्षा कमी अंतर जाते, हेही लक्षात आले आहे. गॅरेजमध्ये पुढचा डावा कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) बदलण्यास सांगितले. पेट्रोल गाडीचे ब्रेक पॅड मी स्वतः बदललेले आहेत, तेव्हा हे काम घरी करता येईल का, आणि गाडी विजेवरची असल्यामुळे कोणती वेगळी काळजी घ्यावी? शिवाय या गाडीत ब्रेक क्वचितच वापरले जातात. मग ते बिघडले कसे?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल, कारण ब्रेक बिघडण्याचे कारण त्यांचा कमी वापर हेच असण्याची शक्यता मोठी आहे. विजेवरच्या गाडीत वेग कमी करण्याचे बहुतेक काम मोटरच करते. ती उलट जनित्रासारखी चालते आणि गाडीच्या गतीतली ऊर्जा बॅटरीत परत भरते, त्यामुळे पॅड डिस्कवर घासण्याची वेळ फार कमी येते. पॅड वर्षानुवर्षे टिकतात ही झाली जमेची बाजू. मात्र साध्या गाडीत प्रत्येक वेळी ब्रेक लावताना डिस्क तापून तिच्यावरचा ओलावा उडून जातो, गंजाचा पातळ थर पुसला जातो आणि कॅलिपरचे पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारे दट्टे) व स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) थोड्या का होईना हलत्या राहतात. आपल्या गाडीत हे घडत नाही. पावसाचे पाणी आणि चिखल तसाच सुकतो, पिनेवरचे रबरी बूट (आवरण) एकदा फाटले की पाणी आत शिरते, आणि न हललेली पिन तिथेच गंजून बसते. मग एखाद्या दिवशी जोरात ब्रेक दाबला जातो, पॅड डिस्कला चिकटतो आणि मागे सरकतच नाही.

तरीही नवा कॅलिपर विकत घेण्याआधी दोष त्याचाच आहे ना, हे तपासून घ्यावे. चाक धरण्याची कारणे निदान चार असतात : पिस्टन अडकणे, स्लाइड पिन अडकणे, पॅडचे कान (दोन्ही टोके) ब्रॅकेटच्या (पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या) खाचेत अडकणे आणि ब्रेकचा रबरी होज (ऑइलची नळी) आतून फुगून बंद होणे. चौथे कारण फसवे आहे. होज बाहेरून धडधाकट दिसतो. पण आतला थर सुटल्यामुळे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल पुढे जाते आणि परत येऊ शकत नाही. याची परीक्षा सोपी आहे. चाक धरलेले असतानाच गाडी उचलावी (उचलण्यापूर्वीची तयारी पुढे दिली आहे), चाक हाताने फिरवून पाहावे आणि मग कॅलिपरवरचे ब्लीडर निपल (हवा बाहेर काढण्याची छोटी तोटी) किंचित सैल करावे. थोडे ऑइल उडून चाक लगेच मोकळे झाले, तर दाब अडकून पडला होता, म्हणजे संशय होजवर किंवा त्याच्याही मागच्या भागावर जातो. निपल उघडल्यावरही चाक तसेच घट्ट राहिले, तर अडचण कॅलिपर, पिना किंवा पॅडच्या बैठकीत आहे. अशा वेळी डिस्क भाजण्याइतकी तापलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

पॅडच्या बैठकीकडे गॅरेजमध्ये फारसे कोणी पाहत नाही, असा आमचा अनुभव आहे. ब्रॅकेटच्या खाचेत स्टीलच्या पातळ क्लिपा बसवलेल्या असतात. त्यांच्याखाली गंज धरला की तो फुगतो, क्लिप वर उचलली जाते आणि पॅडचा कान खाचेत जखडून बसतो. पॅड काढण्यासाठी हातोडी लागली, तर दोष इथेच आहे असे समजण्यास हरकत नाही. क्लिपा काढून खाच तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावी आणि नव्या क्लिपा घालाव्यात. कधी कधी एवढ्यावरच काम भागते आणि कॅलिपरचा खर्च वाचतो. पिस्टन दाबूनही आत जात नसेल, त्याच्या कडेने ऑइल पाझरत असेल किंवा रबर फाटून पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले असतील, तर मात्र कॅलिपर बदलणेच इष्ट.

आता विजेच्या गाडीची खास काळजी. इथे बहुतेकांना भीती वाटते ती उच्च दाबाच्या विजेची. नारिंगी रंगाच्या केबलना हात लावायचा नाही, हा नियम पाळला तर पुढच्या ब्रेकच्या कामात त्या विजेशी आपला संबंध येत नाही. खरा धोका ब्रेकच्या स्वतःहून चालणाऱ्या यंत्रणेचा आहे. अशा अनेक गाड्यांत पेडलमागे इंजिनच्या निर्वातावर चालणारा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसतो. विजेवर चालणारे एकक ऑइलचा दाब तयार करते. दार उघडले, चावी जवळ आली, अगदी खिशातला मोबाइल चावीसारखा वापरला जात असेल तर तो घेऊन कोणी शेजारून गेले, तरी गाडी जागी होते आणि हे एकक ब्रेकवर दाब देऊ शकते. त्या क्षणी कॅलिपर डिस्कवरून काढलेला असेल तर पिस्टन बाहेर फेकला जातो, होज सुटलेला असेल तर ऑइलची चिळकांडी उडते, आणि बोट मध्ये असेल तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. म्हणून गाडीच्या पडद्यावरून किंवा स्कॅन टूलने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणाने) ब्रेक दुरुस्तीची स्थिती चालू करावी, चावी आणि मोबाइल दूर दुसऱ्या खोलीत ठेवावेत, आणि दुरुस्तीपुस्तिकेत सांगितले असेल तर १२ व्होल्टची बॅटरी त्यात दिलेल्या क्रमानेच सोडवावी. आपल्या गाडीसाठी ही स्थिती कशी चालू करायची हे पुस्तिकेत सापडत नसेल, तर काम तिथेच थांबवून ते जाणकार गॅरेजकडे सोपवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाडी उचलतानाही सवयीवर विसंबून चालत नाही. विजेवरच्या पिकअपचे वजन सहज अडीच टनांच्या वर जाते आणि काही तीन टनही ओलांडतात, त्यामुळे छोट्या मोटारीचा जॅक आणि स्टँड इथे पुरे पडत नाहीत. पोटाखालचा सपाट भाग म्हणजे बॅटरीची पेटी. तिला जॅक लावल्यास पेटी चेपू शकते. ठरवून दिलेल्या जागीच जॅक लावावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव घालावा आणि गाडी स्टँडवर विसावल्याशिवाय चाकाच्या पोकळीत हात घालू नये. एअर सस्पेन्शन असेल तर उचलण्यापूर्वी त्याची जॅक स्थिती चालू करावी, नाहीतर गाडी स्वतःची उंची सावरू लागते.

यापुढचे काम आपल्या ओळखीचे आहे. कॅलिपर जागेवर घट्ट असतानाच होजचा पोकळ बोल्ट किंचित सैल करून घ्यावा. नंतर लोंबत्या कॅलिपरवर तो सोडवणे जिकिरीचे जाते. साध्या गाडीत ऑइल गळू नये म्हणून पेडल काठीने थोडे दाबून ठेवण्याची युक्ती अनेकजण वापरतात; इथे ती वापरू नये, कारण पेडल हलताच यंत्रणा जागी होण्याची शक्यता असते. होजचे तोंड स्वच्छ टोपणाने बंद करावे आणि टाकीतले ऑइल तळाला जाऊ देऊ नये. ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून सांडलेला थेंब लगेच पाण्याने धुवावा.

नवा कॅलिपर जुन्याशेजारी ठेवून नीट पाहावा. डावा आणि उजवा कॅलिपर दिसायला इतके सारखे असतात की चुकून उलट बाजूचाही बोल्टांवर बसून जातो. ब्लीडर निपल वरच्या टोकाला आले पाहिजे, ही त्याची खूण. ते खाली आले तर वर साचलेली हवा कितीही प्रयत्न केले तरी निघत नाही आणि पेडल मऊच राहते. होजच्या बोल्टाला तांब्याचे दोन वॉशर असतात, एक होजच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला. ते एकदाच दबण्यासाठी बनवलेले असल्याने दोन्ही नवेच घालावेत. पिनांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे ग्रीस रबर फुगवते आणि काही महिन्यांत तीच पिन पुन्हा अडकते. डिस्कच्या कडेवर तिची किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून पाहावी. बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या मापाइतकेच आवळावेत, आणि होज पिळला गेलेला नाही हे स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहावे.

कामात ऑइलमध्ये शिरलेली हवा काढताना पुस्तिकेतला क्रम पाळावा. फक्त एकच कॅलिपर उघडला आणि टाकी रिकामी झाली नाही, तर अनेकदा त्याच चाकाची हवा काढणे पुरते. हवा एबीएसच्या (जोरात ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) एककात शिरली असेल तर मात्र स्कॅन टूलने त्यातील झडपा चालवाव्या लागतात आणि ते घरी जमत नाही. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत दाबावे. पहिल्याच दाबाला ते तळाला जाते, आणि गाडी सुरू करून मग हे लक्षात येणे परवडणारे नाही.

नवे पॅड डिस्कवर बसवून घेणे ही शेवटची पायरी, आणि विजेवरच्या गाडीत नेमकी तीच राहून जाते. आपण पेडल दाबता, गाडी हळू होते, पण काम मोटर करते आणि पॅड कोरेच राहतात. त्यासाठी ऊर्जा परत भरण्याचे प्रमाण सेटिंगमधून शक्य तितके कमी करावे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना हे काम केले तर आणखी सोपे जाते, कारण भरलेली बॅटरी ऊर्जा फारशी घेऊ शकत नाही आणि भार आपोआप डिस्कवर येतो. पॅडसोबत आलेली पद्धत पाळावी; ती नसेल तर मोकळ्या रस्त्यावर ताशी साधारण ५० किलोमीटरवरून १० पर्यंत वेग मध्यम दाबाने आठ-दहा वेळा खाली आणावा, मध्ये डिस्क निवण्यास वेळ द्यावा आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नये.

प्रश्न : एकच कॅलिपर बदलला तर चालेल का, की जोडीने बदलावेत? आणि ब्रेक ऑइल डॉट ५ या प्रतीचे घालावे का?

उत्तर : दुसऱ्या बाजूचा पिस्टन आणि पिना मोकळ्या असतील तर एकच कॅलिपर चालतो, पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावेत. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेले असेल तेच घालावे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकोलवर आधारलेले आहेत, तर डॉट ५ सिलिकॉनचे आहे आणि पहिल्या तिघांत मिसळत नाही. केवळ आकडा मोठा म्हणून ते घालू नये. ग्लायकोलचे ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्यासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून ब्रेक न झिजलेल्या गाडीतही ते ठरलेल्या मुदतीने बदलावे लागते.

प्रश्न : माझ्याही गाडीत ब्रेक क्वचितच वापरले जातात. ते अडकू नयेत यासाठी काय करावे?

उत्तर : आठवड्यातून एकदा, मागे कोणी नसताना, ऊर्जा परत भरण्याचे प्रमाण कमी करून चार-पाच वेळा चांगल्या दाबाने ब्रेक लावावेत. गाडी धुतल्यावर ती ओल्या डिस्कसह लगेच उभी करून ठेवू नये. थोडी चालवून डिस्क कोरड्या कराव्यात. वर्षातून एकदा पिना काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवाव्यात. समुद्राजवळ किंवा बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागात हे सहा महिन्यांनी करावे. चाके काढलेलीच असतात तेव्हा बुटाचे रबर दोन बोटांत धरून ताणून पाहावे. घडीत दडलेली चीर अशीच दिसते.