टर्मिनलमध्ये मेल वाचताना चित्रं कशी पाहायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर शिरता, तिथे मट या टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, चालणाऱ्या मेल प्रोग्राममध्ये मेल वाचता. मेलमध्ये फोटो असला की त्या जागी ‘इमेज/जेपेग इज अनसपोर्टेड, यूज व्ही टू व्ह्यू धिस पार्ट’ एवढी ओळ येते. व्ही दाबून, फोटोवर जाऊन एंटर केलं तरी काही उघडत नाही. दर फोटोसाठी वेबमेल उघडावं लागतं, आणि आता मट सोडावं का असं तुम्हाला वाटायला लागलंय.

सोडू नका. मीही मटमध्येच मेल वाचतो, तेही बहुतेक वेळा दूरच्या यंत्रावरून, आणि फोटो तिथेच पाहतो. (खाली आज्ञा आणि सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत करायची.)

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मट स्वतः चित्र काढत नाही. फोटो मेलमध्ये बेस-६४ अक्षरांत गुंडाळून आलेला असतो, दर ३ बाइटांमागे ४ अक्षरं. म्हणून ३ एमबीचा फोटो मेलमध्ये ४ एमबीच्या वर जातो. मट ती गुंडाळी सोडतं, तात्पुरती फाइल बनवतं आणि दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रामच्या हवाली करतं. कुठल्या प्रोग्रामच्या, हे मेलकॅप नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. ती तुमच्या होम डिरेक्टरीत असते, नावाच्या आधी टिंब. तुमच्याकडे ती फाइल रिकामी तरी असणार, नाहीतर तिच्यात असा प्रोग्राम असणार जो सर्व्हरवर खिडकी उघडायला जातो आणि तिथे खिडकी उघडायला पडदाच नसतो.

टर्मिनल आणि चित्र यांचं जमत नाही असं लोक सहज म्हणतात. ते खरं नाही. मेलला जोडणी लावायची माइम ही पद्धत नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ठरवली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेन्स्टाइन यांनी त्या पद्धतीने जो पहिला मेल पाठवला, त्यात ते स्वतः ज्या गायनचौकडीत गात तिचा फोटो आणि गाणं होतं. मेलकॅपची कल्पनाही त्यांचीच, १९९३ साली तिचा आरएफसी (इंटरनेटच्या रीती नोंदवणारा दस्तऐवज) निघाला. त्या काळी लोक मेल वाचायचे ते टर्मिनलवरच, आणि ते कुठला मेल प्रोग्राम वापरतात याच्याशी संबंध न ठेवता त्यांना चित्र दिसावं यासाठी ही सोय केली गेली. तुम्ही मागताय ती गोष्ट या फाइलीचं मूळ कामच आहे.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: मट ज्या यंत्रावर चालतंय, त्याच यंत्राचा पडदा तुमच्यासमोर आहे का?

असेल, तर काम पाच मिनिटांचं. मेलकॅपमध्ये ही ओळ लिहा:

इमेज/*; फेह %एस

फेह हा हलका चित्रदर्शक आहे. वेलँडवर (लिनक्सची नवी पडदा-व्यवस्था) असाल तर आयएमव्ही घ्या. %एसच्या जागी मट स्वतः फाइलीचं नाव घालतं. त्याला अवतरणचिन्हं लावू नका. मट ती काळजी स्वतः घेतं, आणि आपण वर अवतरणं चढवली की कोणी मुद्दाम वेड्यावाकड्या नावाची फाइल पाठवली तर ते संरक्षण फसू शकतं. इंटरनेटवर सापडणाऱ्या बऱ्याच नमुन्यांत अवतरणं असतात, ती उतरवून घेताना काढून टाका.

इथे एक खड्डा आहे. त्यात मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. मी फेहऐवजी ब्राउझरचं नाव लिहिलं होतं. एंटर दाबलं की ब्राउझर उघडायचा आणि ‘फाइल सापडली नाही’ म्हणायचा. फाइल तर मटनेच नुकतीच बनवलेली! कारण असं, की ब्राउझर आधीच चालू असेल तर नवीन आज्ञा चालू असलेल्या ब्राउझरला निरोप देते आणि लगेच संपते. मटला वाटतं, बघून झालं. ते तात्पुरती फाइल पुसून टाकतं. ब्राउझर फाइल वाचायला जातो तोवर ती गेलेली असते. एक्सडीजी-ओपन (फाइल तिच्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये उघडणारी लिनक्सची आज्ञा) वापरलंत तरी हेच होऊ शकतं. उपाय म्हणून चार ओळींची स्क्रिप्ट करा: आलेल्या फाइलीची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि ती प्रत उघडायची. मॅकवर ओपन या आज्ञेला मोठा डब्ल्यू हा पर्याय दिला की प्रोग्राम बंद होईपर्यंत ती थांबते, म्हणजे प्रत करायचीही गरज नाही.

तुमची परिस्थिती वेगळी आहे. मट तिकडे, डोळे इकडे. एसएसएचमधून एक्स फॉरवर्डिंग करून तिकडचं फेह इकडे उघडता येतं, पण साध्या नेटवर ते इतकं रेंगाळतं की फोटो बघायची इच्छा राहत नाही. त्याहून चांगला रस्ता असा, की चित्र अक्षरांच्याच वाटेने पाठवायचं. एसएसएचमधून तुमच्या टर्मिनलकडे जे बाइट येतात त्यातच चित्राची माहिती गुंफायची आणि तुमच्या टेबलावरच्या टर्मिनलने ती रंगवायची. सर्व्हरला पडदा लागत नाही, वेगळं पोर्ट लागत नाही, फायरवॉलवाल्यांना विनवण्या कराव्या लागत नाहीत.

याची सर्वांत जुनी रीत सिक्सेल. डेक या जुन्या संगणक कंपनीच्या प्रिंटरांसाठी आणि मग व्हीटी-३४० सारख्या टर्मिनलांसाठी ती निघाली. एका अक्षरात उभे सहा ठिपके, म्हणून सिक्सेल. दुसरी रीत किटी या टर्मिनलची. तो कोविद गोयल यांनी लिहिला, ई-पुस्तकं सांभाळणारं कॅलिबरही त्यांचंच. किटीच्या रीतीत रंग पूर्ण येतात आणि मला चित्रही जास्त स्वच्छ दिसतं. तिसरी मॅकवरच्या आयटर्म-२ ची.

तुमचं टर्मिनल यातलं काय समजतं ते आधी पाहा. किटी स्वतःची रीत समजतो. फूट, एमएलटर्म, अलीकडचा कॉन्सोल आणि विंडोज टर्मिनलच्या १.२२ पासूनच्या आवृत्त्या सिक्सेल समजतात. एक्सटर्मही समजतो, पण त्याला व्हीटी-३४० असल्याचं सांगून सुरू करावं लागतं. मराठी मेल बरेच येत असतील तर एमएलटर्मकडे जरूर लक्ष द्या. जोडाक्षरं नीट जुळवून दाखवणारी टर्मिनलं मोजकी आहेत, हे त्यातलं एक, आणि वर सिक्सेलही आहे.

सर्व्हरवर लागेल तो प्रोग्राम म्हणजे चाफा. हो, लिहिल्यावर आपल्या फुलासारखंच दिसतं. तो सिक्सेल आणि किटी दोन्ही रीतींत चित्र देतो, आणि टर्मिनलला यातलं काहीच कळत नसेल तर रंगीत चौकोनी अक्षरांतून चित्राचा अंदाज देतो. मेलकॅपमधली ओळ अशी:

इमेज/*; चाफा -एफ सिक्सेल्स %एस; नीड्सटर्मिनल

किटी असेल तर सिक्सेल्सच्या जागी किटी लिहा. शेवटचा शब्द विसरू नका. त्यामुळे मट स्वतः बाजूला होऊन सगळा पडदा चाफाला देतं, आणि चित्र दिसल्यावर एखादी कळ दाबेपर्यंत थांबतं. ते थांबणं वेट_की या सेटिंगमुळे होतं. ते मुळात चालूच असतं, पण तुम्ही बंद केलं असेल तर चित्र लकाकून नाहीसं होईल आणि काय चुकलं ते कळणार नाही.

टीमक्समध्ये (एका टर्मिनलात अनेक सत्रं सांभाळणारा प्रोग्राम) राहत असाल तर चित्र मध्येच अडतं, कारण टीमक्सला न कळणारे संकेत ते पुढे जाऊ देत नाही. ३.३ पासून अलाऊ-पासथ्रू हे सेटिंग आहे, ते चालू करून प्रोग्रामाने संकेत खास वेष्टनात पाठवले तर ते पुढे जातात. ३.४ पासून टीमक्सला स्वतःलाच सिक्सेल कळू शकतं, पण टीमक्स कंपाइल करताना तो पर्याय घातलेला असला तरच. मी अजूनही मट टीमक्सच्या बाहेर वेगळ्या खिडकीत ठेवतो. कटकट वाचते.

मजकुराच्या मध्येच चित्र दिसावं, वेगळं उघडायला लागू नये, अशी तुमची इच्छा असेल तर मटकडून तिची अपेक्षा ठेवू नका. मटचा वाचनपडदा कर्सेस या टर्मिनलवर अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररीवर उभा आहे आणि कर्सेसला अक्षरांची घरं कळतात, ठिपके कळत नाहीत. चाफाची चौकोनी अक्षरं मात्र मजकुरात येऊ शकतात. त्यासाठी मेलकॅपमध्ये दुसरी ओळ घाला: इमेज/*; चाफा -एफ सिम्बॉल्स -सी २५६ %एस; कोपियसआउटपुट. मग मटच्या सेटिंगांत ऑटो_व्ह्यू इमेज/* आणि सेट अलाऊ_ॲन्सी. आपोआप दाखवताना मट फक्त कोपियसआउटपुटवाली ओळ बघतं, आणि एंटर दाबल्यावर जुळणारी पहिली ओळ. म्हणून सिक्सेलची ओळ वर, ही खाली. यात चेहरा ओळखू येणार नाही, पण आलेलं चित्र फोटो आहे की सहीखालचं कंपनीचं बोधचिन्ह, एवढं न उघडता कळतं. दिवसाला शंभर मेल येणाऱ्याला तेवढंही खूप आहे.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे मेलने येणारी चित्रं पुष्कळदा चित्रं नसतातच. सोसायटीची नोटीस, लग्नाची पत्रिका, शाळेचं परिपत्रक, ग्रामपंचायतीचा दाखला, सगळं मराठीत लिहिलेला मजकूर आणि त्याचा फोटो काढून पाठवलेला. तिथे चित्र बघायचं नसतं, वाचायचं असतं. त्यासाठी टेसरॅक्ट (चित्रातला मजकूर ओळखणारा प्रोग्राम) बसवा आणि त्याची मराठीची भाषा-फाइल घ्या, तिचं सांकेतिक नाव एमएआर. मग मटमध्ये व्ही दाबून फोटोवर जायचं, उभी रेघ दाबायची आणि लिहायचं:

टेसरॅक्ट एसटीडीइन एसटीडीआउट -एल एमएआर | लेस

जोडणीच्या यादीतून पाठवलं की मट गुंडाळी सोडूनच पाठवतं, त्यामुळे वेगळं काही करायला लागत नाही. छापील मजकूर सरळ असेल तर बरंचसं नीट वाचलं जातं. हस्ताक्षर किंवा नक्षीदार पत्रिका असेल तर आशा धरू नका. माझे एक परिचित दृष्टिहीन आहेत, टर्मिनल आणि वाचक-आवाज यांच्या जोरावर सगळं काम करतात. सोसायटीच्या नोटिसा त्यांना पूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्याव्या लागत. आता या एका ओळीने ते स्वतः ऐकतात. म्हणून नोटीस पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे, फोटोसोबत तोच मजकूर मेलमध्ये टाइपही करा.

राहिल्या किरकोळ अडचणी. काही फोटो ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ असं लेबल लावून येतात, मग इमेजची ओळ त्यांना लागू होत नाही. मटच्या सेटिंगांत माइम_लुकअप ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम लिहा, म्हणजे ते फाइलीच्या शेपटावरून (एक्स्टेंशनवरून) प्रकार ठरवतं. आयफोनवरून एचईआयसी फाइल आली आणि दर्शकाला ती उघडत नसेल तर आधी इमेजमॅजिकने जेपेग करून घ्या.

एचटीएमएल मेलमधली चित्रं दोन तऱ्हेची असतात, आणि हा फरक जपायला हवा. काही मेलच्या आतच असतात, एचटीएमएलमध्ये त्यांचा उल्लेख सीआयडी या खुणेने येतो. ती व्हीच्या यादीत वेगवेगळी दिसतात आणि वरच्याच रीतीने उघडतात. मजकुरासकट जागच्या जागी बघायची असतील तर पायथॉनच्या ईमेल या मूळच्या मॉड्यूलने सगळे भाग एका फोल्डरमध्ये उतरवा, सीआयडीच्या जागी फाइलीचं नाव घाला (कंटेंट-आयडीचे दोन्ही टोकांचे कंस काढून) आणि ती एचटीएमएल उघडा.

दुसऱ्या तऱ्हेची चित्रं मेलमध्ये नसतातच, फक्त पत्ता असतो. ती मागवली की पाठवणाऱ्याला कळतं, मेल कधी उघडला आणि कुठल्या आयपीवरून. एक ठिपक्याएवढं अदृश्य चित्र बहुधा त्याचसाठी ठेवलेलं असतं. मट ती मागवत नाही, हे मला त्याचं मोठं मोल वाटतं. म्हणून अनोळखी जाहिरातीचा एचटीएमएल भाग ब्राउझरमध्ये सहज म्हणून उघडू नका, डब्ल्यू-थ्री-एम या टर्मिनलमधल्या ब्राउझरच्या डंपमधून नुसता मजकूर वाचा.

आधी चाफाची ओळ घालून बघा. चित्र दिसलं नाही तर टर्मिनलचं नाव, टीमक्स आहे का, आणि सर्व्हरवर थेट चाफा चालवल्यावर काय दिसतं, एवढं इथेच लिहा. मी बघतो.