‘मुस्लीम बांधव’ म्हणजे नेमकं कोण?

कराडच्या एका मुलीचा प्रश्न आलाय. ती मराठीतून छोटे छोटे व्हिडिओ करते. आजीच्या म्हणी, डब्याच्या भाज्या, एसटीतले किस्से असं काहीबाही. तिचं म्हणणं असं: “ईदच्या बातमीत आम्ही ‘मुस्लीम बांधव’ असतो. मग दिवाळीच्या बातमीत ‘हिंदू बांधवांनी फराळ केला’ असं का नसतं? मी तर बाई, मग मी बांधव आहे का? आणि माझ्या पानावर ओळख म्हणून ‘मुस्लीम मराठी’ लिहू, ‘मराठी मुसलमान’ लिहू, की काहीच नको?”

मी सांगली-मिरजेकडे एका दैनिकात पंचवीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यामुळे पहिल्या प्रश्नातला एक आरोपी मीच आहे.

आधी शब्दाचं कूळ पाहू. संस्कृतात बंध् म्हणजे बांधणे. त्यावरून बंधू, आणि बंधूचा तो बांधव, म्हणजे नात्यातला माणूस. शेताचा बांध याच धातूचा आणि भाऊबंदही याच गोतातला. गंमत बघा, बांधव पेपरात राहतात आणि भाऊबंद कोर्टात, तेही बहुधा बांधावरूनच.

बांधव फक्त मुसलमानांनाच लागतो, असं मात्र नाही. शेतकरी बांधव, आदिवासी बांधव, मराठा बांधव, धनगर बांधव, ख्रिस्ती बांधव हे सगळे छापून येतात. यातला एक प्रकार व्यासपीठावरचा. मोर्चातला वक्ता ‘माझ्या समाजबांधवांनो’ म्हणतो तेव्हा तो आपल्याच माणसांना हाक मारत असतो. दुसरा प्रकार उंबऱ्याबाहेरून बोलणाऱ्याचा. ज्या गटाला लिहिणारा बाहेरून बघतो, पण ज्याच्याशी सलोख्यानं वागायचं ठरवलेलं असतं, त्याच्यामागे तो बांधव जोडतो. दिवाळीच्या बातमीत ‘नागरिकांनी खरेदीसाठी गर्दी केली’ असं येतं, कारण तिथं लिहिणारा स्वतःला त्या नागरिकांत धरतो. ‘हिंदू बांधव’ छापून येतात, पण बहुतेक वेळा शेजारी मुस्लीम बांधव असले की. ‘उरुसात हिंदू-मुस्लीम बांधवांचा सहभाग’ या धर्तीवर.

ईदच्या फोटोओळी तर आमच्याकडे साच्यातच तयार असत. ‘ईदगाह मैदानावर सामूहिक नमाज पठण करून मुस्लीम बांधवांनी गळाभेट घेत एकमेकांना शुभेच्छा दिल्या.’ गावाचं नाव तेवढं बदलायचं. (यातलं ‘नमाज पठण’ हे खास मराठी पत्रकारांचं अपत्य. उर्दूतल्या ‘पढना’ला आम्ही सोवळं नेसवलं. त्याची गरज नव्हती, कारण फारसी ‘नमाज’ आणि संस्कृत ‘नमस्’ या मुळात बहिणीबहिणीच आहेत.)

एका रमजान ईदच्या संध्याकाळी छपाईखात्यातला आमचा फोरमन शिरखुर्म्याचा डबा घेऊन आला. सुट्टीवर होता, पण डबा दरवर्षी यायचाच. दुसऱ्या दिवसाचं पान टेबलावर पसरलेलं. तो वाकून फोटो बघायला लागला आणि दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या टोपीवर शाईनं काळं झालेलं बोट ठेवलं. तोच होता तो. खालची ओळ त्यानं मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, “काय साहेब, चौदा वर्षं मशीन चालवतोय तुमचं. आज बांधव झालो व्हय मी?” सगळे हसले. मीही हसलो. ओळ तशीच छापली, कारण पान सोडायची वेळ झाली होती.

त्यानंतर मी हा शब्द कधी येतो आणि कधी गळतो, यावर लक्ष ठेवायला लागलो. काम पुढं आलं की तो गळतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ही वाद्यं घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची, म्हणजे मुसलमानच. ‘मुस्लीम बांधवांच्या सतारीला मानांकन’ असं लिहायचं कुणाच्या डोक्यातही येणार नाही. तिथं ते कारागीर असतात, ‘सतारमेकर’ असतात.

वाईट बातमीतही तो गळतो, आणि ते गळणं वेगळं. दंगलीत बांधवांचा ‘विशिष्ट समाज’ होतो. हा शब्द नाव न घेण्याच्या जबाबदारीतून आला, पण वाचणाऱ्याला नाव कळतंच, वर कुजबुजल्यासारखंही वाटतं. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या मेळाव्यावर कोरोना पसरवल्याचा ठपका आला, तेव्हा तर दोन साधे शब्द आमच्या डोळ्यांदेखत नासले. ‘मरकज’ म्हणजे केंद्र आणि ‘तबलिग’ म्हणजे संदेश पोचवणं. महिनाभरात मराठी वाचकाला मरकज म्हणजे अड्डा वाटायला लागला. त्याच वर्षी 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं 29 परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याची शक्यता बोलून दाखवली आणि माध्यमांतल्या प्रचारावरही बोट ठेवलं. निकाल छापून आला, पण शब्दाला चिकटलेला वास काही गेला नाही. कोशात अर्थ दुरुस्त करता येतो, कानात नाही.

आता बाईचं. व्याकरणानं बांधव पुल्लिंगी, आणि ‘बांधवी’ मराठीत रुळला नाही. सरसकट म्हटलं तर त्यात बाया धरतात, पण ईदच्या ओळीखालचा फोटो बहुतेक वेळा फक्त पुरुषांचा असतो. त्यामुळे तुमची शंका व्याकरणाची कमी आणि छायाचित्रकाराची जास्त आहे. शिरखुर्मा कोण आटवत होतं, हे त्या चौकटीत येत नाही.

मुस्लिम की मुस्लीम? मराठी नियमानं, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले तर, अकारान्त शब्दातला उपान्त्य (शेवटून दुसरा) इकार दीर्घ: वकील, गरीब, मुस्लीम. विभक्ती लागली की ऱ्हस्व: वकिलाला, गरिबाला, मुस्लिमांना. अरबी उच्चार ऱ्हस्वच, म्हणून ‘मुस्लिम’ लिहिणाऱ्यांशी मी भांडत नाही. ‘मुसलमान’ हा त्याच शब्दाचा फारसीतून आलेला भाऊ. पेपरवाल्यांना तो हल्ली खरखरीत वाटतो, कारण तो घोषणांत फार वापरला गेलाय. पण आमचा फोरमन स्वतःला मुसलमानच म्हणायचा, न अडखळता. त्याआधी मराठीत ‘अविंध’ होता, म्हणजे कान न टोचलेला. शब्द हिणवणाराच, पण श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांनी तो स्वतःच उचलून घेतला: ‘शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद ॥’ दुसऱ्यानं चिकटवलेली पाटी स्वतःच्या हातानं लावायची, ही युक्ती तुमच्या व्हिडिओवाल्या पिढीची आहे असं समजू नका.

म्हणून तुमच्या ओळखीची ओळ. मराठीत विशेषण आधी आणि मुख्य नाम शेवटी. ‘मराठी मुसलमान’ म्हणजे मुसलमानांतली मराठी. ‘मुस्लीम मराठी’त भार मराठीवर पडतो. सोलापुरात 1990 साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा क्रम तोच होता, आणि मला तो नेमका वाटतो, कारण तिथं विषय साहित्याचा होता. तुमचा विषय डब्याच्या भाज्या. तिथं मी तरी ‘कराडची’ एवढंच लिहिलं असतं. पण पान तुमचं आहे.

राहता राहिली ती प्रतिक्रिया, जिचा तुम्ही पत्राच्या शेवटी वैतागून उल्लेख केलाय: “अय्या, तुमचं मराठी किती छान आहे!” नाटक-सिनेमातला चाचा मोडकं हिंदी बोलतो, तेवढ्यावर लोकांनी हा समज करून घेतलाय. 2011 च्या जनगणनेत राज्यात सुमारे 1 कोटी 30 लाख मुसलमान होते. कोकणातल्या कित्येक घरांत कोकणी बोली, तर आमच्याकडे दखनी उर्दू, आणि त्या दखनीनं मराठीतला ‘नको’ आणि जोर द्यायचा ‘च’ कधीच घरात घेतलाय. हे सगळं त्या बाईंना समजावत बसू नका, व्हिडिओ लांबेल. “तुमचंही छान आहे हो,” एवढंच लिहा.