विद्यापीठात राजकारण, सामाजिक न्याय, पर्यावरण यांवर वस्तुनिष्ठ राहून आणि मैत्री न तोडता कसं बोलावं? (गोवा)

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सांग्याहून यंदा ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात एम.ए.ला जाणार, वर्गात आणि कँटीनमध्ये खाण, म्हादई, आरक्षण, निवडणुका यांवर वाद झडतात असं ऐकलंय, तर वस्तुनिष्ठ राहून कसं बोलावं, मैत्री तुटू नये म्हणून काय करावं आणि बोलल्यामुळे पुढे नोकरीला अडचण येते का. तिन्हींची उत्तरं द्यायचा विचार आहे, पण 'वस्तुनिष्ठ' वाचलं आणि माझं घोडं तिथेच अडलं. वयाने लहान असशील असं धरून 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

मत आधीच सांगून टाकते. ज्या विषयावर आपलं घर चालतं किंवा बुडतं, त्या विषयावर वस्तुनिष्ठ असल्याचा आव आणू नये. आपलं त्यात काय गुंतलंय ते आधी सांगावं, मग काय बोलायचं ते बोलावं. एवढं सांगायला जो कचरतो, त्याच्या मुद्देसूदपणाला मी काडीची किंमत देत नाही.

मी डिचोली तालुक्यातली. २०१२ च्या सप्टेंबरात बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल संसदेत आला, ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा आकडा पेपरांत झळकला, सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. घरी एक टिपर होता, खाणीचा माल वाहणारा ट्रक. बाबा आधी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. चीनला हलक्या प्रतीचा मालही जायला लागला, डंपवर टाकून दिलेल्या मातीलाही भाव आला, तेव्हा गावात ज्याच्या त्याच्या दारात टिपर उभे राहिले. आमच्याही दारात राहिला, कर्ज काढून. पावसाळ्यात गाड्या तशाही उभ्याच असतात. चतुर्थी झाली की ब्रेक बघायचे, पासिंग करून घ्यायचं, थोडा रंग मारायचा आणि ऑक्टोबरात बाहेर काढायच्या, हे ठरलेलं. त्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावरच बातमी आली. बाबांनी बॅटरी काढून घरात आणून ठेवली, टायर बसू नयेत म्हणून अॅक्सलखाली चिरे लावले, आणि टिपर फणसाखाली राहिला तो राहिला. हप्ता मात्र उभा राहिला नाही.

आता त्याच घराची दुसरी बाजू. खाली ओहोळाला लागून आमचं शेत आहे. आमचं म्हणजे कुळाचं. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर कूळ म्हणून आजोबांचं नाव. एकेकाळी तिथे वायंगणसुद्धा, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भातही, पिकायचं. वरच्या डंपची माती दर पावसात ओहोळातून उतरायची आणि शेतावर लाल थर धरायचा. सुकला की कौलासारखा टणक, खोऱ्याचा दांडा मोडेल पण तो हलायचा नाही. खाणवाले वर्षाकाठी नुकसानभरपाई द्यायचे. भरपाई घ्यायची आणि शेत पडीक टाकायचं अशी गावाला सवयच लागली. आई तेवढी बांधाकडेच्या उंच तुकड्यात वाल लावायची आणि काढून आणल्यावर शेंगा दोनतीन पाण्यांत धुवायची, तरी पाणी लालच. बाबांच्या टिपरात जी माती असायची तीच आईच्या शेतात. आमच्या घरात खाणीवरून भांडण व्हायचं ते जेवताना, दोघं एकाच पाटाच्या दोन बाजूंना बसून, त्यामुळे मला नंतर कुठल्याही परिसंवादाची भीती वाटली नाही.

तर कॉलेजात चर्चासत्र ठेवलं. विषय, 'खाणबंदी: योग्य की अयोग्य?' पणजीचा एक वर्गमित्र उठला. इंग्रजी उत्तम, कागद तयार, अहवालातले परिच्छेद अधोरेखित करून आणलेले. पाण्याची पातळी, अतिक्रमण, वनखात्याच्या परवानग्या, सगळं बरोबर बोलला. शेवटी म्हणाला की ट्रकवाल्यांना फुकटच्या पैशाची चटक लागली होती, आता ते गळा काढतायत, त्यांच्याकडे बघून निर्णय घ्यायचा नसतो. टाळ्या पडल्या.

मी उठले. इंग्रजीत सुरुवात केली, पुढच्याच वाक्याला कोंकणीवर घसरले आणि नंतर मराठीच सुरू झालं, कारण राग आला की मला पेपरातली भाषा सुचते आणि आमच्या घरी पेपर मराठीच यायचा. टिपरचं सांगितलं, हप्त्याचं सांगितलं, शेताचं सांगितलं. आणि म्हटलं, बंदी योग्यच आहे. पण ती टिपरवाल्याच्या माथी मारू नका. लीज कोणाचं, परवानगी कोणाची, माल कोणाच्या नावावर गेला, ते वरून खाली मोजत या, टिपरवाला सगळ्यात शेवटी भेटेल. वर्ग गप्प. टिपरवाल्याची मुलगी बंदीच्या बाजूने बोलतेय हे कुणाच्या पचनी पडेना. तेव्हा अध्यक्षस्थानी असलेले सर म्हणाले, "भावना समजू शकतो, पण वैयक्तिक गोष्टी इथे आणू नका. वस्तुनिष्ठ बोला." उत्कृष्ट मांडणीचं प्रमाणपत्र अर्थात त्या मुलाला.

वर्षभराने एका मैत्रिणीकडून कळलं की त्याच्या घरच्यांची बार्जमध्ये भागीदारी होती. म्हणजे आमचा टिपर जेटीवर माल ओतायचा आणि त्यांची बार्ज तोच माल मांडवीतून मुरगाव बंदराकडे न्यायची. एकच माल, एकच धंदा. त्यांची बार्ज किनाऱ्याला, आमचा टिपर फणसाखाली. बार्जचा मला राग नाही. पण माझा टिपर मी सगळ्यांसमोर मांडला म्हणून मी भावनिक ठरले, आणि त्याने बार्ज झाकली म्हणून तो वस्तुनिष्ठ ठरला. हा न्याय मला आजही पटत नाही, आणि तो हे वाचत असेल तर त्याने ओळखावंच.

पुढचा कोर्टाचा इतिहास तुला माहीत असेलच. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लीजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, त्यानंतरचं खनन बेकायदा. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून खाणींना वाट दिली, मग सरकारने लीजांचं नूतनीकरण केलं, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ती ८८ नूतनीकरणंही रद्द केली. दोन्ही वेळा चूक कागदावर सह्या करणाऱ्यांची निघाली. टिपरवाल्याची सही कर्जाच्या फॉर्मवर तेवढी होती.

बरं, वस्तुनिष्ठतेचं हे सोंग खाणीपुरतंच नाही. एम.ए. करत होते तेव्हा, २०१४ मध्ये, कुळांचे आणि मुंडकारांचे (भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जागेत घर असलेल्यांचे) दावे मामलेदाराकडून दिवाणी न्यायालयात नेणारी कायदादुरुस्ती आली. गावोगाव बैठका, म्हाताऱ्यांच्या हातात पिशवीभर जुने कागद, वकिलाचा खर्च कुठून आणायचा याची काळजी. आमच्या वर्गात त्यावर अवाक्षर नाही. सामाजिक न्यायाचा तास मात्र जोरात, उदाहरणं सगळी उत्तरेतली. बाकावर भाटकाराचा नातू आणि मुंडकाराची नात शेजारी बसलेली असताना सामाजिक न्याय शोधायला लोक दिल्लीला जातात. तू सांग्याचा किंवा सांग्याची, तुला हे जास्त कळेल. आरक्षणावर तावातावाने बोलणाऱ्याला विचारून बघ, गावडा, कुणबी आणि वेळीप यांना गोव्यात अनुसूचित जमातींमध्ये कधी घेतलं? २००३ साली. आणि बाळ्ळीला २०११ च्या मे महिन्यात उटा या आदिवासी संघटनांच्या आघाडीच्या आंदोलनात दोन तरुणांचा जीव गेला तो कशासाठी? बहुतेकजण मोबाईल काढतील.

वाघाचंही तेच. २०२० च्या जानेवारीत सत्तरीत गोळावलीजवळ चार वाघ मेले, विष घातलं होतं. व्याघ्रप्रकल्प हवा असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, मलाही तो हवाच वाटतो. पण म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं आणि आत राहणाऱ्यांच्या हक्कांचा निवाडा वर्षानुवर्षं रेंगाळला, हे वाक्य न उच्चारता वाघावर बोलणाऱ्याने सत्तरीत येऊन बोलावं. शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जमीन आखणीला २०२१ मध्ये बायकांनी अडवलं तेव्हा त्यांच्याकडे कुठलं टिपण नव्हतं. त्या जागेवर आयआयटी झाली नाही.

आणि म्हादईचं पाणी हा विषय तर चर्चेतून वगळलेलाच बरा. पाणीवाटपाच्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला म्हादईचं १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं यावर गोव्यातल्या कुठल्याही वर्गात सगळे एका बाजूला असतात. तिथे घोषणा होतात, चर्चा होत नाही. आपल्याच गोव्यात पाणी कोण कुठे अडवतो, कुठल्या हॉटेलाचे टँकर कुठल्या विहिरीतून भरतात, हे काढलंस तर मात्र खरी चर्चा सुरू होईल. करून बघ.

एवढं झोडपल्यावर हेही सांगायला हवं की विद्यापीठातलं सगळंच बोलणं वाऱ्यावर जात नाही. मोलेच्या अभयारण्याचा विषय घे. २०२० मध्ये टाळेबंदीत रेल्वेचं दुपदरीकरण, वीजवाहिनी आणि महामार्ग हे तिथल्या जंगलातून जाणारे तिन्ही प्रकल्प पुढे सरकले, तेव्हा अहवाल वाचून त्यातल्या चुका काढणाऱ्यांत, पत्रं लिहिणाऱ्यांत, चित्रं काढणाऱ्यांत तुझ्याच वयाची मुलं होती, आणि २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या पट्ट्यातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. त्याआधी सत्तरच्या दशकाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी बसच्या अर्ध्या तिकिटासाठी गोवा हलवून सोडला होता. हे लोक नुसतं बोलत नव्हते, कागद हातात घेऊन किंवा रस्त्यावर उतरून बोलत होते. माझा राग आहे तो तिसऱ्या प्रकारच्या लोकांवर, जे चर्चासत्रात ग्रामसभेचं महत्त्व सांगतात आणि स्वतःच्या पंचायतीची ग्रामसभा कुठल्या रविवारी आहे ते त्यांना ठाऊक नसतं. मी पंचायतीत कारकून आहे. हजेरीच्या वहीत कोणाच्या सह्या असतात ते मला दिसतं. साठीच्या पुढचे असतात, आणि ज्यांचं शेजाऱ्याशी गडग्यावरून भांडण आहे ते असतात. एम.ए. झालेले शोधावे लागतात.

तेव्हा वर्गात बोलायचं असेल तर एक कागद घेऊन जा. शेताचा उतारा, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, प्रकल्पाची जाहीर सूचना, काहीही. समोरचा कितीही फाडफाड इंग्रजी बोलला तरी कागदासमोर त्याला थांबावं लागतं. आणि कोंकणीत, मराठीत, जमेल तसं बोल. तिथे कुणी हसलं तर हसू दे. परीक्षेतलं उत्तर मात्र वस्तुनिष्ठच लिही, गुण त्यालाच असतात. तिथे माझं ऐकून टिपर घालू नकोस.

मैत्रीचं म्हणशील तर गोव्यात मैत्री खाणीवरून क्वचितच तुटते, भाषेवरून तुटते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा का यावरचा १९६७ चा जनमत कौल आणि कोंकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा हे दोन विषय कँटीनमध्ये निघाले की चांगली शहाणी मुलं आजोबांच्या आवाजात बोलायला लागतात. मराठीवाले, कोंकणीवाले, त्यात कोंकणी नागरी लिपीत लिहिणारे आणि रोमीत लिहिणारे. मी घरी कोंकणी बोलते, मराठीत लिहिते, आणि दोन्हीकडचे मला आपली मानत नाहीत. यावर माझ्याकडे उपाय नाही. मी तो विषय निघाला की चहाचे पैसे द्यायला उठायचे.

नोकरीचं सांगायचं तर, वर्गात किंवा चर्चासत्रात बोलल्याने सरकारी नोकरी अडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी स्वतः लागले. गुन्हा नोंद झाला तर गोष्ट वेगळी. चांदरला २०२० च्या नोव्हेंबरात याच रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध लोक रात्रभर रुळांवर बसले, त्यातल्या काहींवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले होते, आणि चारित्र्य पडताळणीत असलं काही निघालं की खेटे घालावे लागतात. रुळांवर जायचं असेल तर आधी ओळखीच्या वकिलाचा नंबर मोबाईलमध्ये घालून ठेव आणि घरी सांगून जा.