डार्टमूरची दलदल, गाई आणि एक दुर्मिळ माशी

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये डेव्हनला असते. ती सांगत होती की तिथल्या डार्टमूर नावाच्या उंच माळरानावर एक दुर्मिळ माशी आहे आणि ती टिकायची तर दलदलीत गाई चरायला हव्यात. वाघ, माळढोक वाचवायचा हे कळतं, पण माशी? आणि गाईंनी तुडवल्यावर दलदल टिकते की खराब होते? आपल्याकडे तर आधी कुंपण घालतात.
— एक वाचक, निफाड

उत्तर : काका, तुमची मुलगी बरोबर सांगतेय. ही माशी म्हणजे बॉग हॉवरफ्लाय, शास्त्रीय नाव एरिस्टॅलिस क्रिप्टॅरम. जेवणावर घोंघावणारी माशी डोळ्यासमोर आणू नका, ही फुलांवर जाणारी, लांबून मधमाशीच वाटावी अशी, छातीवर तांबूस केस आणि पाय नारिंगी. पंख बघितले की कळतं, मधमाशीला चार, हिला दोनच, आणि डंख तर नाहीच. पूर्वी दक्षिण इंग्लंडमध्ये पार न्यू फॉरेस्टपर्यंत दिसायची, आता ब्रिटनमध्ये डार्टमूरच्या मोजक्या दलदली सोडल्या तर कुठेच राहिली नाही. उत्तर युरोपात आहे अजून, पण म्हणून इथली गेली तर चालेल असं मला अजिबात वाटत नाही.

आता गाईंचं. हिच्या अळ्या नेमक्या कुठे वाढतात हे शास्त्रज्ञांनाही अजून नीट उलगडलेलं नाही, पण हिच्या भाऊबंद माश्यांच्या अळ्या घाण साचलेल्या पाण्यात राहतात, त्यांना मागे शेपटीसारखी एक नळी असते, ती लांब करून पाण्याच्या वर काढायची आणि श्वास घ्यायचा, म्हणजे अळी खाली गाळात आणि नाक वरती. त्यावरून अंदाज असा की हिलाही शेण मिसळलेला, सतत ओला राहणारा चिखल लागत असावा. शिवाय गाई चरल्या नाहीत तर मोलिनिया नावाचं उंच गवत माजतं, त्याखाली फुलझाडं दबून जातात आणि माशीला खायलाच उरत नाही. म्हणजे कुंपण घालून गाई बाहेर काढल्या की माशीचं घरच मोडलं. अर्थात गुरं फार झाली तर सगळं तुडवून टाकतात, किती गुरं आणि कुठल्या महिन्यात हा तिथे खरंच मोठा वादाचा विषय आहे, २०२३ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने डार्टमूरच्या चराईवर अख्खा अहवाल दिला. पाण्याचं मात्र वादातीत आहे, चर खणून दलदल कोरडी केली की विषय संपला.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला तरी लगेच पटावी. गुरांना जंताचं औषध देतात ना, त्यातली आयव्हरमेक्टिनसारखी काही औषधं शेणातून बाहेर पडतात आणि शेणात वाढणाऱ्या किड्यांच्या अळ्या मारतात. आपल्याकडे डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं गेली तेव्हा कुणाला वाटलं होतं का की गुरांच्या दुखण्यावरचं इंजेक्शन आभाळातल्या पक्ष्याला मारेल? २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली तोपर्यंत खूप उशीर झाला होता. त्यामुळे दलदलीत सोडायच्या गुरांना कुठलं औषध कधी द्यायचं हे आधीच बघायला हवं.

माशी कशाला वाचवायची म्हणालात. दलदलीतल्या फुलांचे पराग नेणारी आहे हे तर आहेच, पण मला विचाराल तर ती शेकडो वर्षं न आटलेल्या ओलीवर जगत आलीय, आणि तशी ओल पुन्हा बनवता येत नाही, तेवढं कारण मला पुरेसं आहे.

मुलीला सांगा, मे-जूनमध्ये पिवळ्या मार्श मॅरीगोल्डवर आणि तिथला उन्हाळा सरताना, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जांभळ्या स्कॅबियसच्या फुलांवर बघ, पण दलदलीत पाय घालू नको, काठावरूनच फोटो काढ आणि तिथल्या हॉवरफ्लाय रेकॉर्डिंग स्कीमला, म्हणजे अशा माश्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांना, पाठव. आणि काका, तुमच्या तर दारातच नांदूरमध्यमेश्वर आहे, २०१९ पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथे सगळे दुर्बिणी लावून पक्षी बघतात, तुम्ही जरा काठावरच्या फुलांकडेही बघा, डोळ्यांवर ठिपके असलेल्या हॉवरफ्लाय आपल्याकडेही असतात. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, जागा आणि तारीख न विसरता.